फळ्यावरचा नाइस माणूस

विषय क्रमांक चार रघुनाथ घाडीगावकरांना स्वतःच्या हाताने लिहावा लागला, आणि तोही सुवाच्य.

"रविवारी सकाळी सर्वसाधारण सभा. विषय एक: मागील सभेचे इतिवृत्त. विषय दोन: गच्चीवरची टाकी. विषय तीन: जिन्यातले उंदीर. विषय चार: प्रवेशद्वारातील फळा काढून त्या जागी डिजिटल स्क्रीन बसवणे." सेक्रेटरी हितेंद्र गवाणकरांनी मजकूर पाठवला आणि रघुभाऊंनी तो फळ्यावर उतरवला. 'फळा काढून' लिहितानाही काना-मात्रा कुठे हलली नाही. ज्याला फाशी द्यायची त्यालाच दोर वळायला सांगावं, तसला हा प्रकार. रघुभाऊंनी दोर सुरेख वळला.

डिलाईल रोडच्या रामेश्वर निवासात शिरलं की जिन्याशेजारी हा फळा दिसतो. त्याचे नियम कुठे लिहिलेले नाहीत, पण चाळीला पाठ आहेत. डावीकडे पाणी. उजवीकडे कमिटीच्या सूचना. खाली सुविचार. मधली जागा मोकळी. ती मोकळीच ठेवायची असते, कारण चाळीतलं कोणी गेलं तरच तिथे नाव येतं: ठळक, भोवती वेलबुट्टीची चौकट, खाली वरळीच्या स्मशानात कधी निघायचं ती वेळ. मध्ये नाव दिसलं की खालची ओळ वाचायला कोणी थांबत नाही. माणूस तसाच वर जातो, गॅस बंद करतो, पांढरा सदरा चढवतो आणि खाली येतो. आणि ते नाव पुसायचं घरच्याच माणसाने. परक्याने त्याला फडकं लावायचं नाही.

आधी फळा लिहिणारे साळगावकर गेले, तेव्हा त्यांचं नाव लिहायला कोणीतरी हवं म्हणून विमा कंपनीतल्या तरुण कारकुनाच्या हातात खडू दिला गेला. तो खडू रघुभाऊंनी खाली ठेवलाच नाही. आता नोकरी संपली होती, केस गेले होते, साखर वाढली होती. पण पहाटे खाली उतरून ओल्या फडक्याने फळा पुसला की त्यांना आपण कोणीतरी आहोत असं वाटे. फळा गेला तर ते दुसऱ्या मजल्यावरचे एक पेन्शनर उरणार होते, आणि तसे त्या मजल्यावर आधीच पाच होते. या विचाराने त्यांना जेवण जाईना.

"बरा झाला," लक्ष्मीवहिनी म्हणाल्या. "खडूची भुकटी खाऊन खोकतास, ता तरी थांबात." लग्नाला इतकी वर्षं झाली तरी वहिनींची सांत्वनाची तऱ्हा ही अशीच होती.

बाकीच्यांनी सल्ले दिले. सल्ल्याला चाळीत तोटा नाही. मीराबाई तळमजल्यावर फळ्याला लागूनच राहतात, त्यामुळे त्यांचा फळ्यावर निम्मा हक्क. त्या म्हणाल्या, सोन्याचा भाव लिहा, बायका थांबतील. कोणी म्हणालं क्रिकेटचा स्कोअर लिहा, म्हणजे रघुभाऊंनी दर षटकाला खाली उतरायचं. शेवटी धम्मपालने मुद्द्याचं सांगितलं. तो रात्रीच्या कॉलेजात इंग्रजी शिकवतो आणि रघुभाऊ त्याचं ऐकतात, कारण तो त्यांच्या अक्षराचा आदर करतो.

"रघुभाऊ, तरुण मुलं फळा वाचत नाहीत, ही तक्रार आहे ना? रोज एक इंग्रजी शब्द द्या. नुसता अर्थ नको, शब्दाचा जन्म सांगा. कुठून आला, काय काय होऊन आला."

"कुठला शब्द?"

"नाइस. चाळीत दुसरं विशेषण शिल्लक आहे का? पोहे नाइस, पोरगी नाइस, परवा मयत पण नाइस झाली म्हणे."

रघुभाऊंना कल्पना पसंत पडली. त्यांची कुठलीही विपत्ती अशीच सुरू होते, कल्पना पसंत पडून.

सोमवारी पहाटे त्यांनी सुविचाराच्या जागी लिहिलं: "नाइस. मूळ लॅटिन. ने म्हणजे नाही, स्किरे म्हणजे जाणणे. ज्याला काही कळत नाही तो. पुढे जुन्या फ्रेंचमध्ये व मध्ययुगीन इंग्रजीत अर्थ: मूर्ख." दोन पावलं मागे जाऊन त्यांनी बघितलं. मजकूर सरळ रेषेत होता. समाधान वाटलं. मान आणखी थोडी वर केली असती तर पुढचं सगळं टळलं असतं.

कारण वर बॅनर होता. हितेंद्र गवाणकर नुकतेच साठ वर्षांचे होऊन गोदीतून निवृत्त झाले होते आणि पोरांनी फळ्याच्या वर त्यांचा गॉगलमधला फोटो लावला होता: 'हॅपी बर्थडे टू अ नाइस मॅन.' बॅनर आणि फळा एका नजरेत मावत होते. एका फोटोतही मावले. शाळेची वेळ होईपर्यंत तो फोटो चाळीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर, तिथून घोडपदेवच्या नातेवाइकांकडे आणि तिथून कुडाळला गेला. कुडाळला हितेंद्रच्या पत्नी कालिंदीवहिनी माहेरी गेल्या होत्या. त्यांनी नवऱ्याला फोन करून विचारलं, हे कोणी ओळखलं?

संध्याकाळी हितेंद्र दारात उभे. हे दोघं एकाच चाळीत वाढलेले, एका बॅटवर खेळलेले. हितेंद्र दोन वर्षांनी लहान, पण रघू आणि तू यापलीकडे त्यांनी कधी हाक मारली नव्हती. त्या दिवशी म्हणाले, "घाडीगावकर, तुम्ही लेखी खुलासा द्या."

'तुम्ही' ऐकून रघुभाऊ घाईघाईने समजावू लागले. "अरे हितेंद्र, हा शब्दाचा इतिहास आहे. पुढे अर्थ सुधारत जातो."

"कधी सुधारतो?"

"अठराव्या शतकात," रघुभाऊ म्हणाले, आणि आपण काय बोलून बसलो ते त्यांना हितेंद्रच्या चेहऱ्यावर वाचायला मिळालं.

आता खरं तर थांबायचं. पण शब्दाला मूर्खपणात सोडून कसं चालेल? त्याला लवकरात लवकर वर काढायला हवं होतं. मंगळवारी रघुभाऊंनी घाईने पुढची पायरी लिहिली: "नंतरचा अर्थ: लाजाळू, बुजरा, भित्रा." पोरांनी पुन्हा फोटो काढला. बुधवारी: "त्यानंतर: नको तितका चोखंदळ. प्रत्येक गोष्टीत खोट काढणारा." हे वाचून मीराबाई म्हणाल्या, "आत्ता बरोबर आलं," आणि हे त्या हितेंद्र शेजारून जात असताना म्हणाल्या.

"तू मला पायऱ्या का दिल्यास? सरळ छान असा अर्थ द्यायचा होतास!" रघुभाऊंनी धम्मपालला गाठलं.

"शब्दाला इथवर यायला शेकडो वर्षं लागलीत, रघुभाऊ. तुम्ही चार दिवसांत आणताय. थोडे धक्के बसणारच."

"सभा रविवारी आहे रे! आणि मतं तोच मोजणार!"

बुधवारी दुपारी कमिटीचं पत्र आलं. खुलासा फळ्यावरच, सुविचाराच्या जागी, सभा होईपर्यंत ठेवावा. रघुभाऊंनी लिहिला: "या फळ्यावरील शब्दार्थाचा कोणत्याही हयात व्यक्तीशी संबंध नाही." 'हयात' हा शब्द पत्रातच होता. त्यांचा त्यात काही दोष नव्हता.

गुरुवारी पहाटे रघुभाऊ खाली उतरले ते मनाशी पक्कं ठरवून. आज शब्द छानवर पोचवायचा आणि उदाहरण म्हणून खुद्द हितेंद्रला द्यायचं. त्याचा राग जाईल, मत फिरेल, फळा वाचेल. पण लिहायचं कुठे? डावीकडे पाणी कमी दाबाने येणार असल्याची सूचना होती. उजवीकडे सभेचा मजकूर, तो सभेआधी पुसला तर सभाच बेकायदा, असं हितेंद्रनेच मागे एकदा सिद्ध केलं होतं. खाली खुलासा. मोकळी होती फक्त मधली जागा.

रघुभाऊ अर्धवट झोपेत होते, मनात काळजी होती आणि हातात नवा खडू. त्यांनी इंग्रजीत मोठ्या अक्षरांत लिहिलं: हितेंद्र गवाणकर. खाली: अ नाइस मॅन. अक्षर असं लागलं की बोटं थांबेनात. इतक्या वर्षांची सवय असलेला हात आपोआप कडेने फिरला आणि त्याने वेलबुट्टीची चौकट काढली, चारही कोपऱ्यांत फुलासकट. मग रघुभाऊ वर गेले, चहा घेतला, आणि आठवडाभरात पहिल्यांदा त्यांना गाढ झोप लागली.

त्यांना जागं केलं ते लक्ष्मीवहिनींनी. वहिनींचा चेहरा पांढरा पडला होता.

"उठा. हितेंद्रभावजी गेले."

"कुठे गेले?"

"देवाघरी गेले! मीराबाईंनी सांगितल्यानी. दाराक कुलूप, आणि फोन आत वाजता. पहाटेच हॉस्पिटलात नेल्यानी असतले. नि कालिंदी तिकडे कुडाळाक, काय म्हणूचा ह्या नशिबाक!" वहिनींनी पदर डोळ्यांना लावला.

रघुभाऊ खाटेवर तसेच बसून राहिले. मूर्ख, भित्रा, खोट काढणारा: तीन दिवस आपण त्या माणसाच्या छातीवर रोज एक धोंडा ठेवला. लहानपणी कुर्ल्याच्या टुर्नामेंटमध्ये आपला कॅच सुटला तेव्हा 'माझा सुटला' म्हणून ओरडणारा हितेंद्र. त्याला आपण लॅटिनने मारलं. रघुभाऊंना रडू फुटलं, आणि वहिनींनी त्यांना रडू दिलं.

मग त्यांना कर्तव्य आठवलं. काही झालं तरी नाव लिहायला हवं, आणि आज तरी अक्षर बिघडून चालणार नव्हतं. डोळे पुसत, खडूचा डबा घेऊन ते जिना उतरले. खाली गर्दी होती. गर्दीने त्यांना वाट करून दिली. रघुभाऊ फळ्यासमोर उभे राहिले आणि त्यांनी डब्यातून खडू काढला. नाव आधीच लिहिलेलं होतं.

आपल्याआधी हे लिहिलं कोणी? क्षणभर त्यांना दुःखातही रागच आला. अक्षर चांगलं होतं, हे त्यांना कबूल करावं लागलं. वळण ओळखीचं होतं. चौकटीतली फुलं तर... आणि मग रघुभाऊंना सगळं कळलं. त्यांनी जिन्याचा कठडा धरला.

"धम्मपाल," ते शेजारी उभ्या धम्मपालच्या कानात म्हणाले, "हे अक्षर माझं आहे."

"सुंदर आलंय, रघुभाऊ."

"तसं नव्हे रे! मी पहाटे लिहिलं. तो मेलेला नाही. ते उदाहरण आहे!"

धम्मपालने फळ्याकडे बघितलं, गर्दीकडे बघितलं. पांढऱ्या सदऱ्यांनी अंगण भरलं होतं. कामावर निघालेली माणसं बॅगा ठेवून परत आली होती. भजनी मंडळाने टाळ काढले होते आणि बांबू आणायला दोघं केव्हाच गेले होते. धम्मपाल हळूच म्हणाला, "हे आता तुम्ही सांगणार की मी?"

दोघांपैकी कोणीच सांगितलं नाही. कारण मीराबाई बोलायला उभ्या राहिल्या होत्या. "नाइस माणूस होता," त्या म्हणाल्या, आणि पुढे काय म्हणावं हे न सुचून पदर तोंडाशी नेला. मग पहिल्या मजल्यावरचा सुशांत म्हणाला, "खरंच, खूप नाइस." भजनी मंडळाचे बुवा म्हणाले, "नाइस होता बिचारा." एकेक जण पुढे येत होता आणि तोच एक शब्द ठेवून मागे जात होता.

"कोण गेलं रे?" कोणीतरी मागून विचारलं.

रघुभाऊंनी वळून बघितलं. हितेंद्र गवाणकर हातात प्लास्टिकची पिशवी घेऊन उभे होते. गर्दी बघून त्यांनी रीतसर चपला बाजूला काढल्या होत्या, हात जोडले होते.

"नाइस माणूस होता," पुढचा एक जण न वळताच म्हणाला.

"हो का? अरेरे," हितेंद्र म्हणाले. आणि मग टाचा उंचावून त्यांनी फळा वाचला.

त्यांनी जी आरोळी ठोकली ती लोअर परळच्या पुलापर्यंत गेली असावी. लक्ष्मीवहिनी मटकन खाली बसल्या. बुवांच्या हातातला टाळ पडला. मीराबाई सगळ्यांत आधी सावरल्या. "जिवंत आहेस तर कुलूप लावून जातोस कशाला?" त्या ओरडल्या. "फोन तरी न्यायचा!"

"बँकेत गेलो होतो! पहाटेपासून लायनीत होतो! हयातीचा दाखला द्यायला!" हितेंद्रनी पिशवीतून पावती काढून सगळ्यांपुढे नाचवली. निवृत्तीनंतरचा त्यांचा पहिला नोव्हेंबर होता. "हे बघा, शिक्का! बँकेने मान्य केलंय मी जिवंत आहे म्हणून! आणि इथे चाळ..." त्यांनी फळ्याकडे बोट केलं.

पावती चाळीत फिरली. शिक्का खरा होता. तरी दोघा-तिघांनी हितेंद्रना हात लावून बघितला.

मग ते रघुभाऊंकडे वळले. रघुभाऊ खडूचा डबा छातीशी धरून भिंतीला टेकले होते. सगळं आटपलंच होतं. फळा तर जाणारच, आता तोंड दाखवायलाही जागा उरणार नव्हती. "मी पुसतो," ते कसेबसे म्हणाले.

"हात लावू नका," हितेंद्र म्हणाले. "परक्याने पुसायचं नसतं. राहू दे. रविवारी बघू."

रविवारपर्यंत ते नाव तसंच राहिलं. येणारा-जाणारा सवयीने हात जोडी आणि मग आठवून खाली सोडी. दूधवाल्याने तर दूध बंद केलं आणि हितेंद्रना दोन दिवस काळा चहा प्यावा लागला. रघुभाऊ घराबाहेर पडले नाहीत. वहिनींनी केलेली खिचडी ते नुसती चिवडत बसत. वहिनीही त्या दिवसांत खडूबद्दल काही बोलल्या नाहीत, आणि त्यामुळे रघुभाऊंना जास्तच भीती वाटली.

सभा अंगणात भरली. टाकी झाली, उंदीर झाले. विषय चार आला तेव्हा हितेंद्र उभे राहिले.

"घाडीगावकर," ते म्हणाले, "सगळे मला नाइस म्हणाले. मी मागे उभा राहून ऐकलं. कुठला अर्थ होता तो? सोमवारचा, मंगळवारचा, की बुधवारचा?"

"गुरुवारचा," रघुभाऊ खाली बघत म्हणाले.

"साठ वर्षं राहिलो इथे. त्यावर एवढाच एक शब्द?" अंगणात कोणी वर बघेना. "आठवडाभर मी ग्रुपवर सभेची सूचना टाकतोय. किती जणांनी वाचली? नऊ. आणि फळ्यावर नाव आलं तर सुशांतने ऑफिस बुडवलं, या मीराबाई गुडघा दुखत असताना उभ्या राहिल्या. बांबू पण आणलेत तुम्ही. शब्द नव्हता तुमच्याकडे, पण आला होतात सगळे. उद्या माझं नाव स्क्रीनवर आलं असतं आणि मधे केसांच्या तेलाची जाहिरात लागली असती, तर कोण आलं असतं? विषय चार मी मागे घेतो."

टाळ्या वाजल्या. रघुभाऊंनी वाजवल्या नाहीत, कारण त्यांचे दोन्ही हात डोळ्यांवर होते.

माणसं पांगल्यावर हितेंद्र फडकं ओलं करून फळ्याशी आले. स्वतःचं नाव त्यांनी स्वतः पुसलं, चौकटीसकट, अगदी कोपऱ्यातल्या फुलांपर्यंत.

"एक अट आहे, रघू," ते म्हणाले. 'रघू' ऐकून रघुभाऊंना हायसं वाटलं. "खरी वेळ येईल तेव्हा नाइस लिहायचं नाही. दुसरं काहीतरी शोध."

"शोधतो. तोवर तूही जरा तसं वाग, म्हणजे मला सोपं जाईल."

हितेंद्र हसले. मग हसता हसता थांबले. "पण तू आधी गेलास तर? मग नाव कोण लिहिणार?"

हा प्रश्न रघुभाऊंना कधीपासून छळत होता, पण तो कोणी तोंडावर विचारला नव्हता. हितेंद्रनी डब्यातला खडू उचलला, जीभ दातात धरली आणि मधल्या जागेत लिहायला घेतलं. रघुनाथचा 'र' फळ्याच्या मध्यावर सुरू झाला आणि 'थ' सभेच्या विषय तीनमधल्या उंदरांत घुसला. घाडीगावकरला जागाच उरली नाही.

रघुभाऊंनी ते बघितलं आणि त्यांचा जीव कासावीस झाला. "हे असं लिहिणार माझं नाव?"

"मग? याहून चांगलं मला जमत नाही," हितेंद्र म्हणाले आणि खडू डब्यात टाकला. "म्हणून सांगतो, तू आधी जाऊ नकोस."

वरून वहिनींनी जेवायला हाक मारली, दोघांनाही. फळा तसाच राहिला. दुपारी मीराबाईंनी तो बघितला, आणि भजनी मंडळाला निरोप धाडण्याआधी या खेपेला त्या स्वतः दुसऱ्या मजल्यावर चढून आल्या, खात्री करून घ्यायला.